व्हिडिओ लागत नाही, लागला तर अडकतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका, सिनेमा किंवा मॅच लावली आणि पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं, की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "नेट स्लो आहे." पुष्कळदा ते खरं नसतं. नेट ठणठणीत असतं आणि दोष राउटरच्या जागेत, टीव्हीच्या भरलेल्या मेमरीत, संपलेल्या सबस्क्रिप्शनमध्ये नाहीतर थेट त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो. तरी माणसं महागडा प्लॅन घेतात, नवा टीव्ही बघायला दुकानात जातात, आणि आठवडाभरात गोल पुन्हा फिरायला लागतं. ते पैसे वाचावेत म्हणून हे पान लिहिलं आहे. आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग हात घाला.

सगळ्यात आधी काय तपासू?

तीन गोष्टी, आणि याच क्रमाने.

त्याच टीव्हीवर दुसरं ॲप उघडा. नेटफ्लिक्स अडकत असेल तर यूट्यूब लावा. ते सुरळीत चाललं तर तुमची लाइन आणि राउटर यांच्यावर संशय घ्यायचं सहसा कारण उरत नाही. दोष त्या ॲपमध्ये, तुमच्या खात्यात किंवा कंपनीकडे आहे.

दुसरं ॲपही अडकलं, तर मोबाईल त्याच वाय-फायवर ठेवून टीव्हीच्या शेजारी उभं राहा आणि तेच लावून बघा. शेजारीच उभं राहायचं, कारण राउटरजवळच्या सोफ्यावर बसून केलेल्या तपासणीतून टीव्हीच्या जागी रेंज किती आहे ते कळत नाही. मोबाईलवर चाललं तर गोंधळ टीव्हीत किंवा त्याला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकमध्ये (टीव्हीवर ॲप्स चालवणारं, एचडीएमआय पोर्टला लावायचं छोटं यंत्र) आहे.

मोबाईलवरही अडकलं, तर मोबाईलचं वाय-फाय बंद करा आणि सिमच्या डेटावर लावा. आता चाललं म्हणजे घरचं नेट दोषी. सिमवरही चाललं नाही, तर बहुधा त्या कंपनीचीच सेवा ठप्प आहे. डाउनडिटेक्टरसारख्या, सेवा बंद पडल्याच्या तक्रारी दाखवणाऱ्या साइटवर किंवा एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) बघितलं की दोन मिनिटांत कळतं, कारण तुमच्यासारखे हजारो जण तिथे तेच लिहीत असतात. अशा वेळी घरात काहीही बदलू नका. ॲप काढून टाकणं, पासवर्ड बदलणं, टीव्ही फॅक्टरी रीसेट करणं यातलं काही केलंत, तर तासाभराने त्यांचा सर्व्हर सुरू होईल आणि तुम्ही मात्र लॉगिनच्या ओटीपीची वाट बघत बसाल.

"बंद करून चालू करा" असं सगळे सांगतात. टीव्ही तर मी रोज रात्री बंद करतो.

रिमोटने बंद केलेला टीव्ही बंद होत नाही, झोपतो. पडदा काळा होतो, पण आतली ॲप्स आणि त्यांनी अडवलेली मेमरी तशीच राहते. भिंतीवरचा स्विच बंद करा, पूर्ण एक मिनिट थांबा, मग चालू करा. राउटरचंही तसंच. आधी राउटर चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि त्यानंतर टीव्ही लावा. नेटफ्लिक्सवर यूआय-८००-३ असा कोड दिसला तर त्याचा अर्थ टीव्हीत साठलेली माहिती ताजी करायला हवी एवढाच असतो, आणि तो बऱ्याचदा एवढ्यानेच जातो. एनडब्ल्यू-२-५ हा कोड मात्र टीव्ही नेटपर्यंत पोचत नाहीये असं सांगतो. तो आला की राउटरकडे वळा.

स्पीड टेस्ट १०० दाखवते, तरी व्हिडिओ अडकतो. कसं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त पैसे याच्यावरच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

आधी गरज किती ते बघू. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे ७२०पी चित्रासाठी ३ एमबीपीएस, फुल एचडीसाठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर दोन टीव्ही ४के मध्ये चालतात आणि वर दोन मोबाईलही. तरी अडकत असेल तर १०० चा प्लॅन ३०० करून काहीच फरक पडणार नाही. (प्लॅनमधला एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ४० च्या लाइनवर फाइल सेकंदाला फार तर ५ एमबी वेगाने उतरते. तेवढ्यावरून कंपनीने फसवलं असं समजू नका.)

मग अडतं कुठे? व्हिडिओ सलग वाहत येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. पहिला तुकडा चालू असताना पुढचे तुकडे आणून ठेवलेले असतात. सरासरी वेग चांगला असला तरी मध्येच दहा-पंधरा सेकंद वाय-फाय मेलं, तर साठा संपतो आणि गोल फिरायला लागतं. स्पीड टेस्ट अर्धा-एक मिनिट चालते. तेवढ्यात ती पडझड झाली नाही, तर आकडा झकास येतो. शिवाय बरेच टेस्ट तुमच्याच नेट कंपनीच्या जवळच्या सर्व्हरशी होतात. फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची स्वतःची साइट आहे आणि ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासून वेग मोजते, म्हणून या कामाला ती जास्त उपयोगी. आणि टेस्ट मोबाईलवर न करता टीव्हीच्याच ब्राउझरमध्ये करा. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये "स्टॅट्स फॉर नर्ड्स" नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की कनेक्शनचा वेग आणि पुढचे किती सेकंद साठलेत ते चालू व्हिडिओवरच दिसतं. साठ्याचा आकडा सारखा शून्याकडे घसरत असेल, तर चोर सापडला.

घरोघरी चोर बहुतेक एकच असतो: राउटरची जागा. फायबर बसवायला आलेला माणूस वायर जिथून आत येते तिथेच डबा ठोकून जातो. मग तो दिसायला नको म्हणून घरची मंडळी त्याला टीव्हीच्या शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सच्या मागे, फोटोफ्रेम आणि देवीच्या मूर्तीआड ढकलतात. कधी तो लोखंडी कपाटावर जातो, कधी माशांच्या टाकीमागे. लोखंड लहरी अडवतं, पाणी त्या शोषून घेतं, आणि आरसासुद्धा त्रास देतो. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला, घराच्या मध्याजवळ हवा. दिसायला बरं नसलं तरी चालेल. शंभर रुपयांची लांब लॅन वायर घेऊन डबा चार फूट सरकवला की पुष्कळ घरांतली तक्रार तिथेच संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे वाय-फायची दोन नावं. राउटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन जाळी सोडतो. २.४ लांब जातं, भिंतीही ओलांडतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे फक्त तीन चॅनेल आहेत: १, ६ आणि ११. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत एका मजल्यावर चार-चार फ्लॅट, प्रत्येकाचा राउटर वेगळा, आणि सगळे याच तीन चॅनेलवर दाटीवाटीने बोलत असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गडबड करतो. जेवण गरम करायला घेतलं की व्हिडिओ अडकतो ही तक्रार खरी असू शकते. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर जोडा. मध्ये दोन जाड भिंती असतील, जुन्या दगडी वाड्यात तर हमखास, तर २.४ वरच राहा.

आणि शक्य असेल तिथे वाय-फायचा नाद सोडा. राउटरपासून टीव्हीला सरळ लॅन वायर लावा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण ४के ला १५ लागतात, तेव्हा ते पुरून उरतं. याहून खात्रीचा उपाय माझ्या माहितीत नाही.

राउटरवर लाल दिवा लुकलुकतोय.

फायबरच्या डब्यावर पॉन आणि एलओएस असे दोन दिवे बघा. पॉन स्थिर हिरवा आणि एलओएस विझलेला, म्हणजे लाइन ठीक. एलओएस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. रस्त्यात खोदकामात केबल तुटली असेल, पावसात झाडाची फांदी पडली असेल, गावाकडे माकडांनी ओढली असेल. घरात तपासण्यासारखं एकच: डब्यात जाणारी बारीक वायर कपाटामागे चेपली किंवा काटकोनात दुमडली आहे का ते बघा. फायबरला मोड चालत नाही. ती हळूच सरळ करा. सुटली असेल तर तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. बाकी काम लाइनमनचं.

लाइट गेली की नेट जातं आणि इन्व्हर्टरवर टीव्ही मात्र चालू राहतो, अशी तक्रारही येते. लोडशेडिंगच्या भागात राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. आपल्या डब्याचा व्होल्टेज आणि पिन आधी ॲडॅप्टरवर वाचून जा, सगळे १२ व्होल्टचे नसतात.

सुरुवातीला चित्र धुरकट दिसतं, थोड्या वेळाने स्वच्छ होतं. बिघाड आहे का?

नाही. लगेच सुरू व्हावं म्हणून ॲप आधी हलक्या दर्जाचे तुकडे आणतं आणि वेगाचा अंदाज आला की दर्जा वाढवतं. कायम धुरकटच राहिलं, तर मात्र ॲपच्या सेटिंगमध्ये डेटा सेव्हर चालू राहिला आहे का ते बघा.

काही स्वस्त मोबाईलवर एचडीचा प्लॅन असूनही चित्र ४८०पीच्या वर जात नाही. त्यामागे वाइडवाइन नावाचं सुरक्षाकुलूप असतं. एचडीसाठी फोनला त्याची एल१ पातळी लागते. एल३ असलेल्या फोनवर नेट कितीही वाढवलं तरी फरक पडत नाही.

दिवसभर छान चालतं, रात्री नऊ ते अकराच अडकतं.

ही लाइनवरच्या गर्दीची खूण आहे. सगळी वस्ती जेवून टीव्हीपुढे बसते, आणि तुमच्या भागातल्या केबलवाल्याने जेवढी क्षमता विकत घेतली आहे तेवढ्यावर जास्त घरं जोडली असतील तर सगळ्यांचंच अडकतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा देशाच्या पातळीवर हेच होईल या धास्तीने नेटफ्लिक्स, यूट्यूब, हॉटस्टार यांच्यासह मोठ्या कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवरचं चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८०पीवर आणलं होतं.

घरगुती पातळीवर पुरावा गोळा करा. सलग चार-पाच दिवस दुपारी आणि रात्री साडेनऊला, राउटरला वायर लावून, टेस्ट करा आणि स्क्रीनशॉट ठेवा. दुपारी ९५ आणि रात्री ८ असे आकडे समोर ठेवले की "तुमच्या वाय-फायचा प्रॉब्लेम आहे" हे उत्तर देता येत नाही. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून सांगितलं तर आणखी लवकर हलतात.

बाकी सगळं चालतं, फक्त मॅचच अडकते. आणि शेजारी विकेट आधीच पडलेली असते!

सिनेमा आणि मॅच यांत मोठा फरक आहे. सिनेमाच्या फायली आधीच तयार असतात आणि बऱ्याचदा तुमच्या नेट कंपनीच्या आवारातल्याच सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. मॅचचा प्रत्येक तुकडा त्या क्षणी तयार होतो आणि कोट्यवधी लोक तो एकाच वेळी मागतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढा भार पेलणं हे खरोखर मोठं काम आहे. १५ नोव्हेंबर २०२४ ला माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या लढतीच्या वेळी नेटफ्लिक्सवरही असंख्य लोकांचं चित्र अडकलं होतं.

तुमच्या हातात आहे ते असं: ॲप सामन्याच्या दहा मिनिटं आधी उघडा, कारण नाणेफेकीच्या सुमारास लॉगिनलाच गर्दी होते. अडकायला लागलं तर दर्जा "ऑटो"वरून ७२०पी किंवा ४८०पी करा. मॅच सलग दिसणं महत्त्वाचं. आणि व्हिडिओ थांबवून पुन्हा चालू केलात तर "लाइव्ह"चं बटण दाबा, नाहीतर तुम्ही मागेच राहता.

शेजारची आरोळी आधी येते ते डिश टीव्ही किंवा केबलमुळे. नेटवरचं प्रक्षेपण तुकडे करून, साठवून येतं, म्हणून ते मागे पडतं, कधी कधी अर्ध्या मिनिटानेसुद्धा. नवा राउटर घेऊन ते भरून निघत नाही. क्रिकेटचं वेड असलेल्या घरात केबल किंवा डिश ठेवलेली बरी, हे माझं स्पष्ट मत.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावला, अर्ध्या तासात बंद पडला.

दिवसाचा डेटा संपला. नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. दिवसाला दीड जीबीचा पॅक एचडीच्या अर्ध्या तासात संपू शकतो. मोबाईलवरचं ॲप सिमच्या डेटाला ओळखून हात आखडतं. टीव्हीला मात्र हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच वाटतं, म्हणून तो भरपूर ओढतो. कोटा संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. यूट्यूबच्या ३६०पी चित्रालाही त्याच्या सुमारे अकरा पट वेग लागतो, तेव्हा थांबून काही होत नाही. हॉटस्पॉटवर बघायचंच असेल तर टीव्हीतल्या ॲपमध्ये दर्जा आधीच "लो" करून ठेवा.

आवाज येतो, पण पडदा काळा.

मोबाईलची स्क्रीन टीव्हीवर मिरर करत असाल तर हे मुद्दाम केलेलं असतं. चोरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून बरीच ॲप्स मिररिंगमध्ये चित्र झाकतात. मिररऐवजी ॲपमध्ये कास्टचं चिन्ह असेल तर ते दाबा.

लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला असेल तर वायर, मधला स्प्लिटर किंवा ॲडॅप्टर यातलं काहीतरी एचडीसीपी हे संरक्षण पाळत नसतं. ४के साठी त्याची २.२ आवृत्ती लागते. मधलं सगळं काढून वायर थेट लावून बघा. ब्राउझरमध्ये काळं दिसत असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये, सिस्टीम विभागात ग्राफिक्स ॲक्सलरेशन बंद करून ब्राउझर पुन्हा उघडा. आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करा. इन्कॉग्निटो खिडकीत चालतं आणि साध्या खिडकीत नाही, असं झालं तर दोष एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या कुकीजचाच.

संगीत मोठ्याने ऐकू येतं, माणसं काय बोलतात तेच कळत नाही.

आवाजाचा पर्याय ५.१ वर, म्हणजे खोलीभर लावलेल्या अनेक स्पीकरसाठीच्या आवाजावर आहे. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात आणि तुमच्या टीव्हीला तो स्पीकरच नसतो. व्हिडिओ चालू असताना ऑडिओच्या यादीतून ५.१ न लिहिलेली भाषा निवडा. ओठ आणि आवाज जुळत नसतील आणि ब्लूटूथ स्पीकर लावला असेल, तर तो वायरने जोडा.

टीव्ही सहा-सात वर्षांचा आहे. ॲप उघडतच नाही, अपडेटही होत नाही. नवा घ्यावा लागेल?

पडदा चांगला असेल तर अजिबात नाही. स्मार्ट टीव्हीचा काच-पडदा दहा वर्षं टिकतो, आतला संगणक मात्र लवकर म्हातारा होतो. सॅमसंगच्या २०१० आणि २०११ च्या काही मॉडेलांवर १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स बंद झालं, टीव्ही धडधाकट असूनही. अशा टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला स्ट्रीमिंग स्टिक लावली की काम भागतं, नव्या टीव्हीच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात.

पण त्याआधी दोन गोष्टी. टीव्हीची तारीख आणि वेळ बघा. साइट खरी आहे हे सांगणारी सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. टीव्ही २०१५ सालात असेल तर तो प्रत्येक साइटला खोटी समजतो. तारीख बरोबर असूनही जुन्या उपकरणांत ही अडचण येते, कारण त्यांच्या आतली मूळ प्रमाणपत्रंच मुदतबाह्य होतात. ३० सप्टेंबर २०२१ ला अशा एका मोठ्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर कितीतरी जुनी यंत्रं अडली. दुसरं, टीव्हीची साठवण भरली आहे का बघा. स्वस्त टीव्हींत ८ जीबीच असते आणि त्यातली निम्मी टीव्हीच खातो. कधीच न वापरलेली ॲप्स काढा.

स्टिक मध्येच आपोआप बंद होऊन चालू होते.

ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर लावली आहे का? टीव्हीचं साधं यूएसबी २.० पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतं, स्टिकला त्याहून जास्त लागतं. सोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगला लावा. डब्यातली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायरही फेकू नका. तिने स्टिक टीव्हीच्या गरम पाठीपासून दूर राहते आणि वाय-फायची रेंजही सुधारते.

कॅशे क्लिअर करू की डेटा?

आधी कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती. त्याने काहीच जात नाही. डेटा क्लिअर केला की लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही जातात, म्हणून पासवर्ड हाताशी असेल तरच करा. आयफोनवर सरसकट कॅशे पुसायचं बटण नसतं, तिथे ॲप काढून पुन्हा घ्यावं लागतं.

पैसे भरलेत, तरी "सबस्क्राइब करा" असंच येतं.

एक तर पैसे खरंच गेले का ते बँकेच्या मेसेजमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी रीतसर नोंदवलेली मंजुरी लागते आणि कापण्याआधी २४ तास सूचना येते. कार्ड बदललं, मुदत संपली किंवा यूपीआय ऑटोपे चुकून रद्द झालं, की सबस्क्रिप्शन गुपचूप थांबतं.

दुसरं, लॉगिन भलत्याच खात्याचं असतं. रिचार्जसोबत मिळालेली सेवा त्या सिमच्या नंबरावर सुरू होते आणि टीव्हीवर मात्र मुलाने जुन्या ईमेलने लॉगिन केलेलं असतं. ॲपच्या "माय अकाउंट"मध्ये कोणता नंबर दिसतो ते वाचा. तिसरं, प्लॅन मोबाईलपुरताच असेल. नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन फोन आणि टॅबलेटवरच चालतो, टीव्हीवर नाही. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात एका घरापुरताच पासवर्ड ही अटही लावली आहे, त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या घरच्या टीव्हीवर अडवणूक होते. "खूप स्क्रीन चालू आहेत" असा संदेश आला तर खात्यातून सगळीकडचं लॉगिन काढा आणि पुन्हा करा.

मी परदेशात आहे. तीच मराठी मालिका इथे "उपलब्ध नाही" म्हणते.

प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. तुमचं खातं भारतातलं असलं तरी ॲप तुम्ही आत्ता कुठे आहात ते बघतं. दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी त्या देशातला त्याच सेवेचा प्लॅन आहे का ते बघावं. थोड्या दिवसांसाठी जात असाल तर निघण्याआधी डाउनलोड करा, पण ते कायम राहत नाही. काही भाग बघायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांत संपतात. व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्याच ठिकाणाहून जोडलेले आहात असं दाखवणारी सोय) लावलात तर बरीच ॲप्स ते ओळखून व्हिडिओच थांबवतात. आणि हे घरी बसलेल्यांनाही लागू आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचा व्हीपीएन चालू असेल तर सिनेमा लागत नाही म्हणून राउटरला दोष देऊ नका.

गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, त्यांनी एक ॲप टाकायला सांगितलं...

फोन ठेवा. लगेच.

हा भाग कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. व्हिडिओ न चालणं ही फार तर एका संध्याकाळची अडचण. खोट्या कस्टमर केअरला लागलेला फोन खातं रिकामं करून जातो. हे लोक शोधयादीत स्वतःचे नंबर घुसवून ठेवतात. आवाज अदबशीर असतो. "दहा रुपये भरून व्हेरिफाय करा", "स्क्रीन शेअरचं ॲप टाका म्हणजे आम्ही इथूनच दुरुस्त करतो", "आलेला ओटीपी सांगा" अशा पायऱ्या असतात. तुमचा टीव्ही चालू करायला कोणालाही तुमच्या मोबाईलची स्क्रीन, ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. मदत हवी तर ॲपच्याच आतल्या "हेल्प"मधून जा. नेट कंपनीचा नंबर बिलावर किंवा त्यांच्या ॲपमध्ये असतो.

पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आई-बाबा गावी असतात. त्यांना फोनवरून कसं समजावू?

"राउटर रीस्टार्ट करा" असं म्हणू नका. "दारामागच्या पांढऱ्या डब्याचं बटण बंद करा, देवापुढे दिवा लावून या, मग चालू करा" असं सांगा. व्हिडिओ कॉलवर मागचा कॅमेरा लावायला सांगून डब्याचे दिवे आणि टीव्हीवरचा संदेश स्वतः वाचा. "काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय" यावरून कोणालाच काही कळत नाही, पण तोच संदेश नीट वाचला तर निम्मं काम होतं. "नो सिग्नल" असं असेल तर बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं. ते पुन्हा दाबून एचडीएमआय १ की २ हे बदललं की चित्र येतं.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा राउटरच्या प्लगला लाल आणि टीव्हीच्या प्लगला हिरवी चिकटपट्टी लावून या. एका कागदावर मोठ्या अक्षरात नेटचा ग्राहक क्रमांक, नोंदलेला मोबाईल आणि लाइनमनचा नंबर लिहून शोकेसच्या दाराला आतून चिकटवा. टीव्हीतली ॲप्स आपोआप अपडेट होतील अशी सोय करा. आणि ज्या बटणांची त्यांना भीती वाटते ती त्यांच्या हाताने दोनदा दाबून घ्या. एकदा स्वतः करून जमलं की ती भीती जाते, आणि मग तुमचा फोन लागला नाही तरी त्यांचं अडत नाही.

लाइनचाच दोष आहे आणि कंपनी दाद देत नाही. तक्रार कुठे करायची?

आधी नेट कंपनीकडेच तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. तोंडी "बघतो साहेब" ही तक्रार होत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, आणि त्याचा पत्ता कंपनीच्या साइटवर असावाच लागतो. रात्रीच्या टेस्टचे स्क्रीनशॉट इथे जोडा. स्ट्रीमिंग कंपनीने पैसे कापून सेवा दिली नाही, परतावा अडवला, असं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली जाते. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आणि ॲपमधल्या संदेशाचा फोटो त्याआधी जपून ठेवा.